रकाना सातवा

अर्जातल्या सातव्या रकान्यात लिहायचं होतं
यापूर्वीच्या शाळेचं नाव.
मी लिहिलं, घर.
खिडकीपलीकडचे वेर्लेकर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"घर? घर काय शाळेचं नाव असतं, बाय?"
मागे रांगेत तीसेक जण.
माझ्या हातात मुक्त विद्यालयाची गुणपत्रिका
आणि आईने रात्र जागून टाइप केलेली चार पानं,
ज्यांत आमच्या चोडणच्या घराला तिने
प्रयोगशाळा, वाचनालय, क्रीडांगण असं काय काय म्हटलेलं.

प्रयोगशाळा म्हणजे खाजणाच्या बांधावरची मानस.
भरती आली की तिचं लाकडी दार आपसूक मिटतं,
ते कसं, हे मला इनासियुने दाखवलं,
पंचायतीच्या कागदावर जो अंगठा उठवायचा.
पाणी किती खारं ते सांगायची त्याची पद्धत :
बोट बुडवायचं, जिभेला लावायचं.
माझी पद्धत : बाटली, काटा, चौकटींची वही.
मी अकरा वर्षांची होते
आणि बहुतेक वेळा तोच बरोबर निघायचा.

क्रीडांगण म्हणजे इगर्जीमागचं शेत,
तेही कापणी झाल्यावर.

वेर्लेकरांनी साहेबांना विचारलं,
साहेबांनी विद्यापीठाला फोन लावला,
विद्यापीठात मधली सुट्टी होती.
मी बाकावर अडीच तास बसले.
मधली सुट्टी म्हणजे काय
ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग वर्गात हजेरी. एक्केचाळीस!
कुणी बोललं नाही. एक्केचाळीस!
मी उठून म्हटलं, "हां, बोला."
तीन वर्षं ते नाव चिकटलं मला : हां-बोला.
घंटा झाली तेव्हा माझा प्रश्न अर्ध्यात होता
आणि सगळे दप्तरं उचलून निघालेसुद्धा.
प्रश्न अर्ध्यात टाकून उठणं
आईने शिकवलंच नव्हतं.
मी शिकले, वर्षभरात.
आता ते जात नाही.

सुहृद, माझा धाकटा भाऊ, त्यानेही तोच अर्ज आणला होता.
सातव्या रकान्यापर्यंत आला, पेन खिशाला अडकवलं
आणि फेरीने पलीकडे जाऊन
होड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्ताकडे राहिला.
फायबरचे थर देतो. कोपरापर्यंत खाज.
रविवारी येतो तेव्हा सोलकढीलाही रेझिनचा वास.
लोक आईला विचारतात, थोरली प्रयोगशाळेत, आणि धाकटा?
ती सांगते, होड्या बांधतो.
आणि मग जरा जास्तच वेळ बोलत राहते
त्याच्या त्रिकोणमितीबद्दल.
त्याला ते ऐकू येतं. तो नळाखाली हात धूत राहतो.

मला मुलाखतीत विचारलं होतं,
"घरीच शिकलात, मग माणसांत मिसळता येतं का?"
मला आठवले तांडेल, पोदेर, कालवं विकणारी शांतेरी,
जिच्याशी घासाघीस करत मी वजाबाकी शिकले,
आणि इनासियु.
सांगायचं होतं : सर, सगळ्या वयांची माणसं येतात मला,
फक्त माझ्याच वयाची चाळीस एका खोलीत
तेवढी येत नव्हती.
सांगितलं, "हो सर, येतं."
नोकरी मिळाली.

गेल्या मंगळवारी नमुन्यांच्या ट्रेमध्ये
एका बाटलीवर चोडणच्या शेतकऱ्यांचा शिक्का.
मानशीच्या आतल्या बाजूचं पाणी.
पर्वरीतली दुपार, एसीची घरघर,
बाकीचे जेवायला गेलेले.
नियमांचा तक्ता समोरच्याच भिंतीवर आहे.
मी झाकण उघडलं,
बोट बुडवलं,
जिभेला लावलं.

दार गळतंय.

मग हात धुतले, हातमोजे चढवले,
आणि यंत्र सुरू केलं.